सात बहिणी आणि भाड्याचे घर

२०२५ च्या उन्हाळ्यात एका आठवड्याच्या आत इटलीच्या फुटबॉलला दोन जबर तडाखे बसले. ३१ मे रोजी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पॅरिसच्या संघाने इंटर मिलानचा ५-० असा धुव्वा उडवला. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इतक्या फरकाने यापूर्वी कोणीही हरले नव्हते. ६ जूनला ऑस्लोमध्ये नॉर्वेने इटलीच्या राष्ट्रीय संघाला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत ३-० असे लोळवले. प्रशिक्षक लुचियानो स्पालेत्ती यांनी आपल्या हकालपट्टीची बातमी पत्रकारांना स्वतःच सांगितली आणि मोल्दोव्हाविरुद्धचा पुढचा सामना पार पाडून मगच निरोप घेतला.

आम्ही गोव्यातली मराठी मंडळी. क्रिकेट आमच्या घरात वाडवडिलांपासून आहे, फुटबॉल मात्र इथल्या मातीने लावला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आमच्या पिढीने दूरदर्शनवर समजून उमजून पाहिलेला पहिला विश्वचषक म्हणजे १९९० चा, इटलीत भरलेला. गोल केल्यावर विस्फारणारे स्किलाचीचे डोळे, त्याचे सहा गोल, आणि नेपल्सच्या उपांत्य सामन्यात मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने टायब्रेकरवर इटलीची केलेली निराशा, हे सारे आम्हाला आजही काल घडल्यासारखे आठवते. तेव्हापासून आमच्यातले बरेचजण इटलीच्या बाजूचे झाले ते झालेच. साहजिकच चवथीच्या दिवसांत चार टाळकी एकत्र जमली की प्रसादाच्या द्रोणाबरोबर हाही वाद फिरतो : इटलीचा फुटबॉल संपला का, आणि संपला असेल तर कशाने?

आमच्यात याबाबत तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, परदेशी खेळाडूंनी घर भरले आणि घरची पोरे उपाशी राहिली. दुसरा म्हणतो, निकाल ठरवून खेळण्याच्या भानगडींनी खेळाची अब्रू गेली. तिसरा पक्ष आशावादी आहे. इटली पडते ती उठण्यासाठीच, थोडी कळ काढा, असे त्याचे म्हणणे. या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण इतिहास नीट मांडून पाहिला, तर मूळ दुखणे चौथेच निघते, असे आम्हाला वाटते.

आधी हे किती उंचीवरून पडले ते पाहू. १९९० साली युरोपातल्या क्लबांच्या तीन मोठ्या स्पर्धा होत्या आणि त्या वर्षी तिन्ही चषक इटलीत आले : युरोपियन चषक एसी मिलानने, कप विनर्स चषक साम्पदोरियाने आणि युएफा चषक युव्हेंटसने जिंकला. १९८९ ते १९९८ या दहा वर्षांत युरोपियन चषकाच्या, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगच्या, नऊ अंतिम सामन्यांत इटलीचा संघ होता; अपवाद फक्त १९९१ चा. युएफा चषक तर १९८९ ते १९९९ या अकरा वर्षांत आठ वेळा इटलीला मिळाला. १९८४ मध्ये मॅराडोना नापोलीला आला तेव्हापासून जगातल्या प्रत्येक मोठ्या खेळाडूला इटलीतच खेळायचे होते. मिलानमध्ये गुलिट आणि व्हॅन बास्टेन, युव्हेंटसमध्ये झिदान, इंटरमध्ये रोनाल्डो. पुढे युव्हेंटस, मिलान, इंटर, रोमा, लाझिओ, पार्मा आणि फिओरेंटिना या सात संघांना इटलीचे लोक कौतुकाने 'सात बहिणी' म्हणू लागले, कारण सातांपैकी कोणीही विजेतेपदाचा दावा करू शकत असे.

आज काय आहे? २००६ साली बर्लिनमध्ये विश्वचषक उंचावल्यानंतर इटलीने विश्वचषकात बाद फेरीचा एकही सामना खेळलेला नाही. २०१० मध्ये न्यूझीलंडही ज्या गटात होते त्या गटात इटली तळाला राहिली. २०१४ मध्ये पुन्हा गटातच गारद. २०१७ च्या नोव्हेंबरात स्वीडनने मिलानच्या सान सिरो मैदानात इटलीला गोलशून्य रोखले आणि १९५८ नंतर प्रथमच विश्वचषक इटलीविना झाला. २०२२ च्या मार्चमध्ये पालेर्मोत उत्तर मॅसेडोनियाने ९२ व्या मिनिटाला गोल करून पुन्हा दार बंद केले. इटलीतल्या दहा वर्षांच्या मुलाने आपला देश विश्वचषकात खेळताना पाहिलेलाच नाही. क्लबांचे म्हणाल तर चॅम्पियन्स लीग इटलीने शेवटची जिंकली ती २०१० मध्ये, इंटरने.

आता आशावादी पक्षाचे म्हणणे ऐकू, कारण त्याच्या बाजूने इतिहास भक्कम आहे. ४ मे १९४९ रोजी लिस्बनहून परतणारे तोरिनो संघाचे विमान तुरीनजवळच्या सुपेर्गा टेकडीवरच्या देवळाच्या मागल्या भिंतीवर आदळले आणि ३१ जण ठार झाले. राष्ट्रीय संघाचा कणाच त्या विमानात होता. दोन वर्षांपूर्वी हंगेरीविरुद्ध उतरलेल्या इटलीच्या अकरांपैकी दहा जण एकट्या तोरिनोचे होते. त्या आघाताची धास्ती इतकी, की १९५० च्या विश्वचषकाला इटलीचा संघ ब्राझीलला बोटीने गेला. १९६६ मध्ये उत्तर कोरियाने इटलीला १-० असे घरी पाठवले, तेव्हा जेनोव्हाच्या विमानतळावर लोकांनी खेळाडूंचे स्वागत टोमॅटोंनी केले. पण दोनच वर्षांनी इटली युरोपची विजेती झाली आणि १९७० मध्ये विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचली. १९८० मध्ये सट्टेबाजीचे प्रकरण बाहेर आले आणि पाओलो रॉसीवर बंदी आली. तोच रॉसी १९८२ मध्ये परतला, ब्राझीलविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि इटलीला विश्वचषक मिळवून दिला. २००६ च्या मे महिन्यात पंचांच्या नेमणुकांतील ढवळाढवळीचे प्रकरण फुटले. युव्हेंटसची दोन विजेतेपदे काढून घेतली गेली आणि संघाला दुसऱ्या श्रेणीत ढकलले गेले. त्याच जुलैत इटली जगज्जेती!

ही यादी ऐकली की कोणालाही वाटेल, संकट आले म्हणजे चषक आलाच. आमच्या मते खरी गोची इथेच झाली. मैदानावरच्या यशाने घरातली मोडतोड झाकली गेली. २००६ च्या विजेत्या संघातले २३ च्या २३ खेळाडू इटलीच्याच लीगमध्ये खेळणारे होते. म्हणजे तो चषक नव्वदच्या दशकात पेरलेल्या पिकाची शेवटची सुगी होती. पुढची पेरणी झालेली नव्हती, हे चषकाच्या झगमगाटात कोणी पाहिले नाही.

त्या पिकाला पाणी कोठून येत होते? याचे उत्तर एका शब्दात सांगायचे तर, यजमानांकडून. युव्हेंटस १९२३ पासून फियाट मोटारींच्या आन्येल्ली घराण्याकडे. मिलान १९८६ पासून दूरचित्रवाणीचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्याकडे. इंटर तेलशुद्धीकरणाच्या व्यवसायातील मोरात्ती घराण्याकडे. पार्मामागे दुधाचा धंदा करणारी पार्मालात कंपनी, लाझिओमागे डबाबंद टोमॅटो विकणाऱ्या चिरिओ कंपनीचे क्रान्योत्ती, फिओरेंटिनामागे चित्रपटनिर्माते चेक्की गोरी. संघाचा जमाखर्च जुळला नाही की वर्षाअखेरीस यजमान खिशात हात घालत. आपल्या उत्सवाच्या भाषेत सांगायचे तर घरोघर वर्गणी फिरवण्याचा त्रास नको, सगळा खर्च एका शेटजींच्या नावावर. असा उत्सव दणक्यात होतो, याबद्दल शंका नाही. पण शेटजींचे दिवस फिरले, की मंडपाचे बिल कोणी भरायचे हा प्रश्न उभा राहतो.

दिवस फिरले ते एकापाठोपाठ. २००० साली लाझिओने लीग जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात पार्माकडून क्रेस्पोला त्या वेळची जगातली सर्वांत मोठी किंमत मोजून घेतले. दोनच वर्षांत चिरिओ कंपनी देणी फेडू शकली नाही आणि क्रान्योत्तींना जावे लागले. २००२ मध्ये फिओरेंटिनाचे दिवाळे निघाले. बातिस्तुताचा तो संघ नवे नाव घेऊन चौथ्या श्रेणीतून सुरू झाला. २००३ च्या डिसेंबरात पार्मालात कोसळली आणि अब्जावधी युरोंचा खड्डा उघडा पडला. ज्या पार्मासाठी बुफॉन, कान्नावारो, थुराम एकत्र खेळले होते, तो संघ २०१५ मध्ये एका युरोला विकला गेला, पुन्हा बुडाला आणि चौथ्या श्रेणीत पोचला. मॅराडोनाच्या नापोलीने २००४ मध्ये दिवाळे काढले, तोरिनोने २००५ मध्ये. उरलेले यजमानही थकले. मोरात्तींनी २०१३ मध्ये इंटर परदेशी हाती दिला, बेर्लुस्कोनींनी २०१७ मध्ये मिलान. सात बहिणींपैकी आज तुरीनच्या युव्हेंटसचेच माहेर जुने राहिले आहे.

यजमान सगळीकडेच येतात आणि जातात. पण ते गेल्यावर संस्था टिकते ती तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर, आणि फुटबॉल संघाचे हक्काचे उत्पन्न म्हणजे त्याचे मैदान. इथे इटलीची दुसरी चूक दिसते आणि तिचे साल पुन्हा १९९० च आहे. त्या विश्वचषकासाठी बारा मैदाने नव्याने बांधली किंवा वाढवली गेली. पैसा जनतेचा, मालकी बहुतेक ठिकाणी नगरपालिकेची. तुरीनला जवळजवळ ७० हजार आसनांचे देल्ले आल्पी मैदान झाले. त्यात धावण्याचा मार्गही घातला, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये इतके अंतर पडले की चेंडू शोधावा लागे. बारी शहरात रेन्झो पियानोसारख्या नामवंत वास्तुशिल्पीने ५८ हजारांचे सुंदर मैदान उभारले. पण बारीचा संघ पुढे बहुतेक काळ खालच्या श्रेण्यांतच राहिला आणि २०१८ मध्ये त्याचेही दिवाळे निघाले. मिलान आणि इंटर ज्या सान सिरोत खेळतात ते तर १९३५ पासून २०२५ पर्यंत नगरपालिकेचे होते. भाडेकरूने घराला रंग काढायचा म्हटला तरी मालकाला विचारावे लागते. इथे मालक म्हणजे नगरपालिका, आणि नगरपालिकेच्या फायली कशा सरकतात हे सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आम्हाला कोणी सांगायला नको.

याच काळात इंग्लंडमध्ये उलटे घडत होते. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीत सापडून ९७ प्रेक्षक दगावले. न्यायमूर्ती टेलर यांनी चौकशी करून १९९० मध्ये अहवाल दिला आणि तो कपाटात गेला नाही. वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर उभ्याने सामना पाहणे बंद झाले. बहुतेक क्लबांची मैदाने स्वतःची असल्यामुळे त्यांनी ती सुधारली आणि त्यांचे उत्पन्न त्यांच्याच तिजोरीत आले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीचे हक्क सगळ्यांनी मिळून विकले. इटलीत मात्र १९९९ पासून प्रत्येक क्लबने आपापले हक्क वेगळे विकले. मोठ्यांना मोठा घास आणि लहानांना चुरा मिळाला. ही पद्धत बदलून पुन्हा एकत्र विक्री सुरू होईपर्यंत २०१० उजाडले. तोवर जगाचे प्रेक्षक शनिवार-रविवारी इंग्लंडचे सामने लावू लागले होते, आणि त्यात आमच्या घरातली मुलेही आली.

'नाचता येईना अंगण वाकडे,' असे पहिला पक्ष आम्हाला चिडवतो. त्याला आमचे उत्तर असे, की इटलीच्या क्लबांचे अंगण वाकडे तर आहेच, शिवाय ते त्यांचे नाहीच. आता परदेशी खेळाडूंचा मुद्दा पाहू. १९६६ च्या नामुष्कीनंतर इटलीने परदेशी खेळाडू आणणे बंद केले ते थेट १९८० पर्यंत. त्या काळात राष्ट्रीय संघ चांगला खेळला, हे मान्य. पण नव्वदच्या दशकात परदेशी खेळाडूंचा सुकाळ असतानाही बारेसी, माल्दिनी, बाज्जो, देल पिएरो घडले आणि १९९४ मध्ये इटली अंतिम फेरीत गेली. फरक असा, की तेव्हा परदेशातून उत्तम माल येत होता आणि घरच्या पोरांना त्याच्याशी टक्कर देऊन शिकता येत होते. पैसा आटल्यावर उत्तम माल इंग्लंड-स्पेनकडे गेला आणि स्वस्तातला माल इटलीकडे आला. २०१० मध्ये इंटरने चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा सुरुवातीच्या अकरांत एकही इटालियन नव्हता. त्यात २०१९ मध्ये सरकारने परदेशातून येणाऱ्यांना प्राप्तिकरात मोठी सूट देणारा कायदा केला. फुटबॉलपटूही त्या छत्रीखाली आले आणि क्लबांना घरच्या खेळाडूपेक्षा बाहेरचा स्वस्त पडू लागला. ही सूट २०२३ अखेर बंद झाली. म्हणजे परदेशी खेळाडू हे आजाराचे लक्षण आहे. आजार रिकाम्या तिजोरीचा आहे.

२०१० च्या अपयशानंतर इटलीच्या महासंघाने तांत्रिक विभागाची धुरा रॉबेर्तो बाज्जोकडे दिली होती, ही गोष्ट फारशी कोणाला आठवत नाही. बाज्जोने मुलांच्या प्रशिक्षणाचा सुमारे ९०० पानांचा आराखडा तयार करून सादर केला. त्याची अंमलबजावणी झाली नाही. २०१३ च्या जानेवारीत त्याने राजीनामा दिला. टेलर अहवाल आणि बाज्जोचा आराखडा शेजारी शेजारी ठेवले, की दोन देशांतला फरक कळतो. १९९४ मध्ये हुकलेली त्याची पेनल्टी सगळ्या जगाला पाठ आहे. दप्तरी दाखल झालेली ती ९०० पाने कोणाला ठाऊक नाहीत, आणि आमच्या मते इटलीचे नुकसान त्या पेनल्टीने झाले नसेल एवढे त्यांनी केले.

मग पुढे आशा आहे का? आहे, आणि ती कोठे आहे हेही दिसते. युव्हेंटसने देल्ले आल्पीची जागा नगरपालिकेकडून घेतली, ते मैदान पाडले आणि २०११ मध्ये स्वतःचे सुमारे ४१ हजारांचे मैदान उघडले. त्यानंतर २०१२ ते २०२० अशी सलग नऊ विजेतेपदे त्यांनी मिळवली. स्वतःचे घर म्हणजे सर्व रोगांवर औषध नव्हे. याच युव्हेंटसला २०२३ मध्ये हिशेबातल्या गैरप्रकारांबद्दल दहा गुणांचा दंड झाला. तरी घराचा आधार दिसायचा तो दिसलाच. दुसरे उदाहरण आम्हाला त्याहून मोलाचे वाटते. बेर्गामो हे मिलानजवळचे मध्यम शहर. तिथला अतालांता संघ पोरे घडवण्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. २०१७ मध्ये त्याने मैदान नगरपालिकेकडून विकत घेतले आणि टप्प्याटप्प्याने नवे केले. प्रशिक्षक गास्पेरिनी यांना संघाने नऊ वर्षे टिकवले. २२ मे २०२४ रोजी डब्लिनमध्ये या संघाने बायर लेव्हरकुसेनला, म्हणजे त्या हंगामात तोवर ५१ सामने अपराजित राहिलेल्या संघाला, ३-० असे हरवून युरोपा लीग जिंकली. जुन्या युएफा चषकाचेच हे नवे नाव. १९९९ नंतर, पंचवीस वर्षांनी तो इटलीत परत आला.

आडात पाणी नाही असेही नाही. २०२१ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला हरवून इटली युरोपची विजेती झाली. २०२३ मध्ये १९ वर्षांखालील आणि २०२४ मध्ये १७ वर्षांखालील मुलांनी युरोपचे विजेतेपद मिळवले. दिवाळे काढून तिसऱ्या श्रेणीतून वर आलेल्या नापोलीने २०२३ आणि २०२५ मध्ये लीग जिंकली. पोहऱ्याची दोरी मात्र अजून तोकडी आहे. मिलान आणि इंटर यांनी नव्या मैदानाचा आराखडा २०१९ मध्ये मांडला. सहा वर्षांनी, २०२५ मध्येही, पायाचा दगड बसलेला नव्हता. २०३२ ची युरो स्पर्धा इटली आणि तुर्कस्तान मिळून भरवणार आहेत आणि त्यासाठी इटलीला आपली पाच मैदाने ठरवून देण्यास २०२६ च्या ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली गेली.

हा सारा इतिहास आम्ही गोव्यात बसून इतक्या आस्थेने का उगाळतो, याचे कारण वाचकांच्या लक्षात आले असेल. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत देशाचे लीग विजेतेपद आठ वेळा गोव्यात आले. पाच वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. उरलेले एक मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने जिंकले, आणि कंपनीने तो संघ २०१० मध्ये बंद केला. आमच्याकडेही यजमान होते, धेंपो आणि साळगावकर यांच्यासारखी खाणमालक घराणी होती. त्यांनी या खेळावर मनापासून पैसा आणि माया खर्च केली, याबद्दल गोवा त्यांचा ऋणी आहे. पण २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगच्या नव्या रचनेला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ तिच्यातून बाहेर पडले. फातोर्ड्याचे मैदान सरकारचे आहे. आणि २०२५ च्या जुलैत आयएसएलचा नवा हंगामच स्थगित झाल्याचे जाहीर झाले. कारण पुन्हा तेच, महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आलेला. त्याच वर्षी मे महिन्यात सुपर कप जिंकणाऱ्या एफसी गोवाच्या खेळाडूंनाही तेव्हा पुढची लीग कधी, हे ठाऊक नव्हते.

म्हणून आमच्या वादात आम्ही इटलीच्या पराभवांवर हसत नाही. तिथले सात वाडे आमच्या डोळ्यांदेखत उभे राहिले आणि ओस पडले. त्यांतला एखादा पुन्हा उभा राहत असेल, तर तो कसा राहतो हे आम्हाला पाहायचे आहे. स्पालेत्तींनंतर २०२५ मध्ये आलेले प्रशिक्षक गात्तुसो इटलीला २०२६ च्या विश्वचषकात नेतील की नाही, यावर तेव्हा आमच्यात पैजा लागल्या होत्या. आमच्यापैकी काहीजण मात्र त्या पाच मैदानांच्या यादीची वाट पाहत आहेत. ती वेळेवर आली आणि त्यांतली दोन-तीन तरी क्लबांच्या मालकीची निघाली, तर आशावादी पक्षाला आम्ही पुढच्या चवथीला पेढे देऊ.